६१२ केसपेपर, ७९ मृत्यू आणि हरवलेला छेद

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात सामुदायिक वैद्यकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एकाने कोविडच्या दुसऱ्या लाटेवर प्रबंध घेतलाय. एका रुग्णालयातले एप्रिल ते जुलै २०२१ चे ६१२ केसपेपर हाती आहेत, त्यात ७९ मृत्यू, म्हणजे १२.९ टक्के. 'कोल्हापुरात कोविडचा मृत्युदर १२.९ टक्के होता' असं लिहू का, ही पहिली शंका. दुसरी अशी, की गाईडनी जादा मृत्यू (नेहमीच्या वर्षी अपेक्षित असतात त्यांहून जास्त झालेले) काढायला सांगितलेत, म्हणून करवीर तालुक्यातल्या दोन गावांच्या मृत्यू नोंदवह्या पाहिल्या, तर २०१९ मध्ये ६४ आणि २०२१ मध्ये ५७. लाटेच्या वर्षी माणसं कमी गेली, हे कसं?

शंका दोन असल्या तरी दुखणं एकच आहे. दोन्हीकडे अंश हातात आलाय आणि त्याला कशाने भागायचं हे ठरायचं राहून गेलंय. कोणती नोंदवही कोणत्या माणसांची आहे, हे कळलं की दोन्ही आकडे आपोआप जागेवर बसतात.

आधी १२.९. हा कोल्हापूरचा आकडा नाही, रोगाचाही नाही. त्या दवाखान्याच्या दारातून आत आलेल्यांपैकी किती जण तिथेच गेले, एवढंच तो सांगतो. आत कोण यायचं, हे तेव्हाच्या व्यवस्थेवर होतं. कोविड केअर सेंटरमध्ये सौम्य रुग्ण, डीसीएचसीमध्ये (समर्पित कोविड आरोग्य केंद्रात) ऑक्सिजन लागणारे, डीसीएचमध्ये (समर्पित कोविड रुग्णालयात) अत्यवस्थ. तुमचे केसपेपर केअर सेंटरचे असते तर मृत्यू जवळपास शून्य दिसले असते, कारण सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलं की माणूस पुढे पाठवला जायचा. सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेमकं उलटं व्हायचं, जिल्हाभरातले बिघडलेले रुग्ण तिथे गोळा व्हायचे. त्यामुळे तुमचं रुग्णालय कोणत्या पायरीवरचं होतं, हे निकालाच्या पहिल्या वाक्यातच यायला हवं.

त्या १२.९ मध्येही एक भोक आहे. डिस्चार्ज आणि मृत्यू सोडून 'डामा' (डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी गेलेले) आणि 'रेफर' (दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेले) किती आहेत ते मोजा. समजा डामा ४१ आणि रेफर २७ निघाले. या ६८ जणांचं पुढे काय झालं ते केसपेपरला ठाऊक नाही. त्यांना जिवंत धरलं तर दर १२.९ टक्के. वगळलं तर ७९ भागिले ५४४, म्हणजे १४.५. सगळे गेले असं धरलं तर १४७ भागिले ६१२, म्हणजे २४. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. तिन्ही आकडे छापा. ज्याला ऑक्सिजन बेड मिळेना म्हणून मिरजेला हलवलं आणि ज्याला नातेवाईक 'घरीच नेतो' म्हणून घेऊन गेले, ते दोघेही तुमच्या एक्सेलमध्ये 'बरा' म्हणून बसले असतील तर परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडेल. आणि ६१२ केसपेपर म्हणजे ६१२ माणसं, हेही गृहीत धरू नका. केअर सेंटरमधून वर आलेल्याला नवा आयपीडी (दाखल रुग्णाचा) नंबर मिळतो, घरी जाऊन चार दिवसांनी परत आलेल्यालाही मिळतो. नाव, वय, गाव जुळवून दुबार नोंदी काढा. शुभांगी आणि शुभांगीताई वेगळ्या मोजल्या जातात, गावाची स्पेलिंगं तर विचारूच नका.

हा घोळ नवा नाही. २००३ च्या सार्सच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेचा सुरुवातीचा अंदाज चार टक्क्यांच्या आसपास होता. मे महिन्यात तो १४ ते १५ टक्क्यांवर गेला. विषाणू तोच होता. आधी एकूण मृतांना एकूण रुग्णांनी भागलं जात होतं, आणि त्या रुग्णांतले बरेच जण अजून खाटेवर होते, निकाल लागायचाच होता. साथ संपल्यावर हिशेब आला ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे ९.६ टक्के. त्यातही हाँगकाँगमध्ये १,७५५ पैकी २९९, म्हणजे १७ टक्के, आणि चीनच्या मुख्य भूमीवर ५,३२७ पैकी ३४९, म्हणजे साडेसहा. रुग्णांचं वय काय, रुग्णालयातच लागण झालेले आधीच आजारी लोक किती, 'रुग्ण' कुणाला म्हणायचं, यावर आकडा अडीच पटींहून जास्त हलतो. प्रबंधाच्या चर्चेत हे उदाहरण वापरा, १२.९ चा अर्थ समजावायला ते फार उपयोगी पडतं.

सार्समध्ये लक्षणांशिवाय लागण जवळपास नसायची, म्हणून रुग्ण मोजले की लागण मोजल्यासारखंच होतं. कोविडमध्ये ती सोय नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी सिरो सर्वेक्षणात डिसेंबर २०२० - जानेवारी २०२१ च्या फेरीत २४.१ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, जून-जुलै २०२१ च्या फेरीत ६७.६ टक्के (यात लशीमुळे तयार झालेलीही धरली आहेत). पोर्टलवर नोंदलेले रुग्ण याच्या जवळपासही नव्हते. लागण झालेल्यांपैकी किती गेले, हे काढायला तुमच्याकडे छेदच नाही. त्या सर्वेक्षणातल्या महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत सांगली होता, कोल्हापूर नव्हता. 'शेजारचाच जिल्हा आहे' म्हणून सांगलीचा आकडा उचलायचा मोह आवरा. शिवाय कोल्हापुरात दुसरी लाट जून-जुलैपर्यंत रेंगाळली, म्हणजे सर्वेक्षण झालं तेव्हा ती संपलेलीच नव्हती.

मग ६१२ केसपेपर टाकून द्यायचे का? मुळीच नाही. ते एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तम उत्तर देतात: दाखल होताना कोणती गोष्ट बघून कळत होतं, की हा रुग्ण हाताबाहेर जाणार? प्रबंध याच प्रश्नावर उभा करा. दर हा त्यातला एक तक्ता राहू दे.

इथे खरी मेहनत केसपेपर वाचण्यात आहे. एक केसपेपर उघडा. 'डीएम/एचटीएन' (मधुमेह/उच्च रक्तदाब) पुढे एकाने 'निल' लिहिलंय, दुसऱ्यावर नुसती रिकामी जागा. दोन्हीला 'मधुमेह नाही' असं कोडिंग केलं की संपलं. लाटेच्या शिखरावर, रात्री दोन वाजता आलेल्या अत्यवस्थ रुग्णाचा इतिहास कुणी विचारलेला नसतो, आणि मरणारे त्यांच्यातच जास्त. परिणामी रिकाम्या जागा मृतांच्या कागदांवर दाट पडतात आणि मधुमेहाचा धोका खोटाच कमी दिसतो. म्हणून तीन कोड ठेवा: आहे, नाही, नोंद नाही. सॅच्युरेशनचंही तसंच. '९४' दिसलं म्हणून खूश होऊ नका, शेजारी बारीक अक्षरात 'ऑन १० लिटर' असतं. खोलीतल्या हवेवरचं आणि ऑक्सिजनवरचं सॅच्युरेशन वेगवेगळ्या रकान्यांत घ्या. काही कागदांवर फक्त दुसरंच सापडेल, तिथे ऑक्सिजनची मात्राही नोंदवा.

तारखांसाठी दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने करा. ०५/०६/२०२१ चं एक्सेल कधी ५ जून करतं, कधी ६ मे, आणि नेमक्या याच दोन महिन्यांत तुमची लाट आहे. लक्षणं सुरू झाल्याची तारीख वेगळी, दाखल झाल्याची वेगळी. या दोहोंतलं अंतर हा या सगळ्या विदेतला (डेटातला) सर्वांत बोलका आकडा ठरू शकतो, दूरच्या गगनबावड्याहून आलेला आणि शहरातल्याच राजारामपुरीतून आलेला यांत किती दिवसांचा फरक पडला ते त्यातून दिसतं.

वयाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. आपल्याकडे वय गोल सांगतात: ५०, ५५, ६०, ६५. ६० च्या नोंदी ५९ आणि ६१ च्या कितीतरी पट निघतील. तुम्ही गट ४५-५९ आणि '६० च्या पुढे' असे केलेत तर हा सगळा ढीग नेमका सीमेवर येतो आणि ५८ वर्षांची माणसं वरच्या गटात ढकलली जातात. त्याऐवजी ३५-४४, ४५-५४, ५५-६४, ६५-७४ असे गट करा. ५५ आणि ६५ चा प्रश्न उरतो, पण सर्वांत मोठे ढीग शून्याचे असतात आणि ते गटाच्या मध्यावर येतात.

साठेक केसपेपर, म्हणजे दहा टक्के, दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे भरून घ्या आणि 'कॅपा' (दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा सांख्यिकी आकडा) काढा. सॅच्युरेशनच्या रकान्यात दोघांचं जुळत नसेल तर चूक माणसाची नसते, रकान्याची व्याख्या ढिली असते.

एक गोष्ट करू नका: या कागदांवरून औषधांचा परिणाम मोजायला जाऊ नका. रेमडेसिविरचा पाच दिवसांचा कोर्स पूर्ण झालेल्यांत मृत्यू कमी दिसणारच, कारण कोर्स पूर्ण करायला पाच दिवस जगावं लागतं. दुसऱ्याच दिवशी गेलेला माणूस 'कोर्स अपूर्ण' गटात पडतो. स्टेरॉइडचं उलटं होईल. ते ऑक्सिजनवरच्यांना दिलं जायचं, म्हणून स्टेरॉइड घेतलेले जास्त दगावलेले दिसतील. प्रत्यक्षात ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत, जिथे कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, दररोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही. तुमची विदा याच्या विरुद्ध बोलली तर चूक विदेच्या घडणीत आहे.

आता दोन गावं. ६४ आणि ५७ बघून आधी शांतपणे वर्गमूळ काढा. मोजलेल्या मृत्यूंची नैसर्गिक हेलकाव्याची चूक साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, आणि दोन वर्षांच्या फरकाची चूक दोघांच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढी. ६४ अधिक ५७ म्हणजे १२१, वर्गमूळ ११. तुमचा फरक आहे ७. काहीच सिद्ध होत नाही, ना घट ना वाढ. दोन गावांची मिळून दहा हजार वस्ती आणि हजारी सहाच्या आसपास मृत्यू धरले तर वर्षाला ६० अपेक्षित, आणि कसलीही साथ नसताना तो आकडा वर्गमुळाच्या साधारण दुपटीइतका इकडेतिकडे, म्हणजे ४५ ते ७५ मध्ये कुठेही पडू शकतो. पंचवीस टक्के वाढ दिसायला हवी असेल तर किमान वीस-एकवीस हजार वस्ती लागते. एक अख्खं प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) घेतलं, सपाटीवर साधारण तीस हजार लोकसंख्येचं, की वर्षाला १८० मृत्यू अपेक्षित. पंचवीस टक्के म्हणजे ४५ जादा, आणि फरकाची चूक, म्हणजे १८० अधिक २२५ चं वर्गमूळ, साधारण वीस. ४५ हे त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून वर्षाचा फरक दिसू शकेल. महिन्याचा नाही दिसणार, कारण महिन्याला १५ च मृत्यू, म्हणून एप्रिल ते जुलै एकत्र घ्या.

मात्र वस्ती वाढवली तरी तुमची नोंदवही लाट लपवतच राहील, आणि कारण साधं आहे. आपल्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे होतो तिथे नोंदवला जातो, माणूस जिथे राहतो तिथे नाही. करवीरमधला माणूस शहरातल्या रुग्णालयात वारला तर नोंद कोल्हापूर महापालिकेत. ग्रामपंचायतीच्या वहीत उरतात फक्त घरी वारलेले. एरवीही हे होतंच, पण २०२१ मध्ये घरी मरणारी बरीच माणसं दवाखान्यात मेली, म्हणून गावची वही रोडावली आणि शहराची फुगली. शहराच्या वहीत सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि निपाणीकडचे लोकही आहेत, तेव्हा ती एकटी घेतली तर उलटी चूक होते.

उपाय पत्त्यात आहे. मृत्यूच्या अहवालात, म्हणजे नमुना २ मध्ये, मृत्यूच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे रकाने असतात. महापालिकेच्या नोंदींतून तुमच्या पीएचसीच्या गावांचे पत्ते वेचून काढायचे आणि गावच्या वहीत मिळवायचे. कुठली गावं निवडता यावर किती वह्या चाळाव्या लागतील ते ठरेल. करवीर, पन्हाळ्याला कोल्हापूर शहर पुरतं. शिरोळची माणसं मिरजेला जातात, हातकणंगल्याची इचलकरंजीतही जातात. चंदगड, गडहिंग्लजचे रुग्ण बेळगावला, म्हणजे नोंद थेट कर्नाटकात. वेळ सहा महिन्यांचा असेल तर चंदगडच्या वाटेला जाऊ नका.

नोंद का होते, हेही समजून घ्या. सातबाऱ्यावर वारस लावायचा, विम्याचा दावा करायचा, बँकेतले पैसे काढायचे, तेव्हा दाखला लागतो. ज्या म्हातारीच्या नावावर ना जमीन ना खातं, तिची नोंद कधीकधी होतच नाही. म्हणून वहीत पुरुष आणि स्त्रियांचे मृत्यू वेगळे मोजा, पुरुष दुप्पट दिसले तर अर्धी गोष्ट तिथेच आहे. २०२१ च्या अखेरीस कोविड मृतांच्या वारसांना पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान सुरू झालं आणि चाचणीनंतर तीस दिवसांतला मृत्यू कोविडचा धरायचं ठरलं, तेव्हा दाखल्यांना आणखी एक कारण मिळालं. देशभरात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख. यातली सगळी वाढ साथीची नाही, नोंदणी सुधारल्याचाही त्यात वाटा आहे. तो वेगळा काढता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

तुलनेसाठी एकटं २०१९ घेऊ नका, २०१५ ते २०१९ ची सरासरी आणि कल पाहा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कितीतरी नोंदी महिना-दोन महिने पुढे गेल्या, म्हणून नेहमी मृत्यूची तारीख घ्या, नोंदणीची नको. जुलै २०२१ चा पूर तर लाटेच्या शेपटावरच आला. तो महिना वेगळा दाखवा. पंचगंगा स्मशानभूमीची वही पडताळ्याला चांगली आहे. महापालिका तिथे शेणी-लाकूड मोफत देते, त्यामुळे वही ठेवली जाते. पण लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती समाजातले दफन झालेले लोक तिच्यात नाहीत, आणि करवीर, शिरोळसारख्या भागात ही गळती लहान नसते.

वह्यांतून सुटलेल्यांसाठी आशाताईंची यादी मागा. समजा वहीत ११० मृत्यू, आशांकडे ९०, दोन्हीत सामाईक ७५. (१११ गुणिले ९१) भागिले ७६, वजा १, म्हणजे साधारण १३२. दोन्ही याद्या मिळून १२५ माणसं सापडली, अंदाजे ७ दोन्हीकडून निसटली. यात मेख अशी, की आशाताई ग्रामसेवकाला स्वतःच कळवत असतील तर याद्या स्वतंत्र राहत नाहीत आणि हा अंदाज कमी पडतो. घरोघरी विचारायला गेलात तर 'कोणत्या महिन्यात' ऐवजी 'महापुराच्या आधी की नंतर', 'जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास का' असं विचारा. आणि कुलूप लागलेली घरं टिपून ठेवा. एकटी राहणारी व्यक्ती गेली की सांगायलाही कोणी उरत नाही.

जादा मृत्यू निघाले तरी ते 'कोविडचे मृत्यू' म्हणू नका. तो निव्वळ फरक आहे. टाळेबंदीत रस्त्यावरचे मृत्यू घटले, देशात १.५१ लाखांवरून २०२० मध्ये १.३२ लाखांवर. उलट त्याच वर्षी क्षयरोगाच्या नोंदी २४ लाखांवरून १८ लाखांवर आल्या, म्हणजे लाखो रुग्ण उपचाराविना राहिले आणि त्यांचे मृत्यू पुढच्या वर्षांत पडले असणार. १९१८ च्या साथीचे, आपल्याकडच्या 'मानमोडी'चे, मृत्यूही शेवटी असेच काढावे लागले. गावात नोंद ठेवणारेच अंथरुणाला खिळले होते, म्हणून जनगणनेचा आधार घ्यावा लागला. १९११ ते १९२१ हे विसाव्या शतकातलं देशाची लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक.

आता लगेच करायचं काम. आधी संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, कारण मंजुरीपूर्वी उतरवलेली माहिती वापरता येत नाही. जुन्या केसपेपरांसाठी संमतीतून सूट मागता येते, घरोघरच्या मुलाखतींसाठी नाही. मग विभागप्रमुखांच्या पत्रानिशी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन तुमच्या त्याच दोन गावांचे पत्ते एप्रिल ते जुलै २०२१ च्या नोंदींत शोधा. ५७ मध्ये किती भर पडते ते कळेलच, शिवाय शंभर नोंदी चाळायला किती वेळ लागतो तेही कळेल आणि पूर्ण पीएचसीचं काम तुमच्या मुदतीत बसतं का हे ठरवता येईल. जुळवणीसाठी नावं लागतात. ती झाली की नावाच्या जागी कोड घाला आणि मूळ यादी विभागाच्या कपाटात कुलपात ठेवा. प्रबंधाच्या पेनड्राइव्हवर ती नको.